रात्री पाच वेळा लघवीला उठणारे बाबा आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका : नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

धुऱ्यावरची_बाभूळ

नमस्कार मंडळी. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्यापासून आत आहे. बाबांचे वय ६८ वर्षे. गेल्या आठवड्यात तुरीच्या जागलीसाठी मी त्यांच्यासोबत मचाणावर झोपलो होतो, तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले की ते रात्रीतून पाच वेळा खाली उतरतात. प्रत्येक वेळी त्यांच्या टॉर्चचा उजेड धुऱ्यावर एकाच जागी बराच वेळ स्थिर राहायचा. सकाळी विचारले तर म्हणाले, "वय झालं का असंच होते रे." दिवाळीपासून हा त्रास असल्याचे आईने नंतर सांगितले.

मागच्या वर्षी शेजारच्या गावातील एक गृहस्थ प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले. निदान झाले तेव्हा रोग हाडांपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे माझ्या मनात धास्ती बसली आहे. आमच्या घराण्यात हा आजार कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही. मोठेबाबा (बाबांचे थोरले भाऊ, वय ७३) रात्री एकदाही उठत नाहीत. त्यांची फक्त कंबर धरली आहे, ती दसऱ्याच्या सुमारास बंडीचा धक्का बसल्यापासून.

वयाचा त्रास कुठे संपतो आणि कर्करोगाची लक्षणे कुठे सुरू होतात, हे ओळखायचे कसे? जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

सेलूची_सून

दादा, तुम्ही हा विषय उघडपणे मांडलात हे फार बरे केले. आमच्या मामाजींचा त्रास घरात सर्वांत आधी सासूबाईंनी ओळखला, कारण मामाजी स्वतःहून काहीही सांगणाऱ्यांपैकी नव्हते. ते रात्री बाजेवरून उठले की सासूबाई उशाशी ठेवलेल्या पितळी वाटीत तुरीचा एक दाणा टाकायच्या. सकाळी त्या वाटीत सात दाणे निघाले, तेव्हा त्यांनी ती वाटीच माझ्या नवऱ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "हे मोज आणि दवाखान्यात घेऊन जा."

धुणे माझ्याकडे असल्यामुळे पायजम्याला समोर ओल येते हे मला महिनाभर आधीपासून दिसत होते, पण सुनेने सासऱ्यांबद्दल असे कसे बोलावे, या संकोचाने मी गप्प राहिले. तो महिना वाया गेला, याचे मला आजही वाईट वाटते. सुदैवाने तपासणीत प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ निघाली, कर्करोग नव्हता. रोज रात्री एक गोळी सुरू आहे आणि आता वाटीत दोनच दाणे पडतात.

पैनगंगाकाठ

आमच्याकडे अशा तक्रारीला सरसकट "उन्हाळी लागली" म्हणतात आणि धन्या-जिऱ्याचे पाणी देतात. जळजळ होत असेल तर मुतखडा समजून कुळथाचा काढा दिला जातो. उन्हातान्हात वावरात राबणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे दोन्ही अंदाज अनेकदा खरेही ठरतात. म्हणूनच साठीनंतरच्या माणसाचा त्रास वेगळा असू शकतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

डॉ_वऱ्हाडी

मी ग्रामीण रुग्णालयात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो सुशिक्षित घरांतही आढळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वयानुसार तिची जी साधी वाढ होते ती आतल्या, म्हणजे मूत्रमार्गाला लागून असलेल्या भागात होते. त्यामुळे मार्ग आवळला जातो आणि पुढच्या तक्रारी सुरू होतात: लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, धार बारीक होणे, मध्येच थांबणे, थेंब गळत राहणे, घाईची लागणे, पूर्ण मोकळे न वाटणे आणि रात्री वारंवार उठावे लागणे. याउलट कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. तिथे तो वाढत असताना मूत्रमार्गावर बराच काळ दाब येत नाही. म्हणजेच सुरुवातीच्या कर्करोगाला बहुधा लक्षणच नसते. रात्री पाच वेळा उठणाऱ्या माणसाला साधी वाढ असण्याची शक्यता अधिक असते, आणि रात्रभर गाढ झोपणाऱ्याला कर्करोग नसेलच असे म्हणता येत नाही.

दोन्ही विकार एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे लघवीच्या तक्रारीसाठी तपासणी करावीच. मधुमेहातही रात्री उठावे लागते, म्हणून साखर तपासावी. लघवीतून किंवा वीर्यातून रक्त जाणे, कंबर, पाठ, खुबा किंवा बरगड्यांमध्ये नव्याने सुरू झालेले आणि विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे, कारण नसताना वजन उतरणे, अंगातले रक्त कमी होणे, पायावर सूज येणे, यांपैकी काहीही साठीच्या आसपासच्या पुरुषाला जाणवले तर प्रोस्टेटचा विचार व्हायलाच हवा. लघवीतले रक्त तर एकदा येऊन थांबले तरी सोडून देऊ नये. त्यामागे मूत्राशयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजारही असू शकतो.

आर्वी_नाका

बाभूळदादा, तुमच्या प्रश्नापेक्षा त्यात जाता जाता आलेल्या मोठेबाबांच्या कंबरेच्या उल्लेखापाशी मी थांबलो. कृपया माझा अनुभव पूर्ण वाचा.

माझ्या वडिलांची कंबर कापूस वेचणीच्या दिवसांत दुखायला लागली. गाठोडे उचलताना लचक भरली असेल, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो. जवळच्या एका डॉक्टरांनी चार महिने दुखणे थांबवणारी इंजेक्शने दिली. इंजेक्शन घेतले की दोन दिवस बरे वाटायचे आणि तिसऱ्या रात्री पुन्हा कण्हणे सुरू व्हायचे. दिवसा कामाच्या नादात दुखणे विसरले जाई, पण रात्री आडवे झाल्यावर ते वाढत असे. ही गोष्ट आम्हाला विचित्र वाटायला हवी होती, कारण लचक आडवे झाल्यावर हलकी होते.

मग एक्स-रे काढला. तो मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला होता. कमरेच्या दोन मणक्यांवर चुना उडाल्यासारखे पांढरे डाग होते, पण ती वयाची झीज आहे असे आम्हाला सांगण्यात आले. पुढे नागपूरला गेल्यावर कळले की अनेक कर्करोग हाड पोखरतात, पण प्रोस्टेटचा कर्करोग हाडात पसरला की बहुधा ते हाड दाट आणि पांढरे दिसू लागते. तोवर वडिलांचे पाय जड पडू लागले होते. एके सकाळी त्यांना चपलेचा अंगठा पायात आहे की नाही हे कळेना. दुसऱ्या दिवशी लघवी तुंबली आणि तिसऱ्या दिवशी पाय उचलेनात. मधले दोन दिवस आम्ही एसटी आणि पैशांची सोय पाहण्यात घालवले. वडील त्यानंतर एक वर्ष आणि दोन महिने जगले, पण अंथरुणावर.

लघवीचा कोणताही त्रास त्यांना कधीच नव्हता. मोठेबाबांना रात्री दुखते की दिवसा, एवढे आजच विचारा.

डॉ_वऱ्हाडी

आर्वी_नाका यांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य महत्त्वाचे आहे. कंबरदुखीसोबत पायांत अशक्तपणा, बधिरता, लघवी तुंबणे किंवा शौचावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही सुरू झाले तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये. एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे. माणूस चालत असतानाच उपचार सुरू झाले तर बहुतेकदा चालणे टिकते, आणि एकदा पाय गेले की ते परत येण्याची आशा फार कमी राहते.

कोळसाखाण_वणी

माझे मत थोडे कडक आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाची पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची) तपासणी गावोगावच्या शिबिरांत का होऊ नये? उपकेंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाचपणी होते, रक्तदाब आणि साखर पाहिली जाते, पण पुरुषांच्या या आजाराचा त्या यादीत समावेशच नाही.

वैनगंगा_२

मला हे पटत नाही. माझ्या मावसभावाच्या रक्तात पीएसए ५.६ निघाले आणि घरात सुतक असल्यासारखे वातावरण झाले. सुई टाकून तुकडे काढले, त्यानंतर जंतुसंसर्ग होऊन तो आठ दिवस भरती राहिला आणि अखेर त्यात काहीच निघाले नाही. जो माणूस धडधाकट आहे त्याला यात ओढण्याने कोणाचे भले होते?

डॉ_वऱ्हाडी

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि जगभरातील तज्ज्ञ याच दोन टोकांमध्ये गेली अनेक वर्षे वाद घालत आले आहेत.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन आहे, ते कर्करोगाने तयार केलेले नव्हे. म्हणून साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, नुकतीच घातलेली नळी, इतकेच काय दोन दिवसांतील शरीरसंबंध, यांमुळेही ते वाढते. चार नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर ही जुनी सर्वसाधारण मर्यादा आहे. चार ते दहाच्या दरम्यान आकडा असलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला कर्करोग निघतो, म्हणजे तिघांना नसतो. उलट, ग्रंथी लहान करण्यासाठी दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्यूटास्टेराइड ही गोळी सहा महिने घेतली असेल तर आकडा निम्म्यावर येतो आणि फसवे समाधान मिळते. ती सुरू असल्याचे तपासणाऱ्याला सांगायलाच हवे.

युरोपातील सर्वांत मोठ्या अभ्यासात २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे दिसले की ४५६ पुरुषांना तपासणीसाठी बोलावले तेव्हा एक मृत्यू टळला. हा लाभ खरा आहे, पण त्यासाठी अनेकांना असे रोग सापडतात ज्यांनी त्यांना आयुष्यात कधी त्रास दिला नसता. म्हणून मोसंबी वाटावी तशी ही तपासणी शिबिरात वाटू नये, या मताचा मी आहे. साधारण ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून, पुढे काय होऊ शकते ते समजून घेऊन ती करावी. ज्याच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला आहे त्याचा धोका दुपटीहून अधिक असतो, त्याने ४५ पासूनच विचार करावा. मात्र हे सर्व ज्याला कोणतीही तक्रार नाही त्याच्यासाठी आहे. ज्याला लक्षणे आहेत त्याची तपासणी हा निदानाचा भाग आहे, तिथे हा वाद लागू होत नाही.

वैनगंगा_२, तुमच्या भावाला झालेला त्रास मी कमी लेखत नाही. आता अनेक ठिकाणी आधी एमआरआय काढून संशयास्पद जागा असेल तरच सुई टाकतात, त्यामुळे अनावश्यक बायोप्सी कमी झाल्या आहेत.

निवृत्त_गुरुजी_७१

मी स्वतः रुग्ण आहे, म्हणून लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिकवले. चार वर्षांपूर्वी माझे पीएसए ९.१ आले. त्याआधी डॉक्टरांनी बोटाने तपासणी केली होती आणि गावातील माझ्या वयाची माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत ती याच तपासणीच्या धास्तीने, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून सांगतो, कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे असतात, डॉक्टर हातमोज्यावर जेली लावतात आणि एक ते शंभर म्हणून होण्याच्या आत सर्व आटोपते. दुखत नाही. अवघडल्यासारखे होते, एवढेच. गुदद्वारातून बोटाला ग्रंथीची मागची बाजू लागते. ती मऊ आणि लवचिक असावी, कुठे टणक गाठ किंवा खडबडीतपणा असेल तर शंका येते. माझ्या ग्रंथीत उजवीकडे वाटाण्याएवढी टणक जागा लागली.

बायोप्सीत कर्करोग निघाला, ग्लीसन गुणांक (रोग किती आक्रमक आहे याचा आकडा, जितका मोठा तितका आक्रमक) ६, म्हणजे त्या श्रेणीतील सर्वांत सौम्य. आम्हा नवरा-बायकोला वाटले, आता सर्व संपले. डॉक्टरांनी मात्र शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवण्याचा मार्ग सुचवला. ठरावीक काळाने पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी, असे चार वर्षे चालू आहे. कर्करोग अंगात असताना काहीच न करणे मुलाला पटत नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी त्याला ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितले. त्यात ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्यांपैकी काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींनी किरणोपचार घेतले आणि काहींवर केवळ लक्ष ठेवले गेले. १५ वर्षांनी तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के लोक या आजाराने दगावलेले नव्हते. वेळेत सापडलेला आणि उशिरा सापडलेला, हे जणू दोन वेगळे आजार आहेत.

कोळसाखाण_वणी

गुरुजी, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या सासऱ्यांना फोन केला. ते तपासणीला तयार झाले आहेत. डॉक्टरसाहेबांचे शिबिराबद्दलचे म्हणणेही आता पटले.

पूर्णामाय

एक वेगळी पण याच्याशी जोडलेली बाब. आमच्या आबाजींना हिवाळ्यात सर्दी झाली, मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि दुसऱ्या रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली. पोटाखाली ओटी दगडासारखी घट्ट झाली होती. नळी टाकल्यावर जवळजवळ एक लिटर लघवी निघाली. सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचे तोंड आणखी आवळले जाते, हे आम्हाला तेव्हा समजले. ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांनी अशा गोळ्या विचारूनच घ्याव्यात.

बेंबळा_प्रकल्प

खर्चाविषयी थोडे लिहितो, कारण अनेक घरांत तपासणी तिथेच अडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो. तिथे आरोग्यमित्राचे (योजनेची माहिती देणाऱ्या मदतनिसाचे) टेबल असते, शिधापत्रिका आणि आधार कार्ड मूळ प्रतींसह न्यावे. आपल्या भागातून सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय ही ठिकाणे गाठता येतात. पहिल्याच फेरीत जुने सर्व कागद, सोनोग्राफी, एक्स-रेची फिल्म आणि सुरू असलेल्या गोळ्यांची पाने एका पिशवीत घालून न्या. आमचा एक हेलपाटा केवळ फिल्म घरी राहिल्यामुळे झाला.

धुऱ्यावरची_बाभूळ

मंडळी, दोन महिन्यांनी परत लिहितो आहे. आधी बाबांचे सांगतो. त्यांचे पीएसए ७.८ आले आणि लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषधे देऊन सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा ३.४ वर आला. बोटाच्या तपासणीत ग्रंथी मोठी पण मऊ लागली. साधी वाढ आहे, गोळी सुरू केली आहे आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचे आहे.

आता मोठेबाबांचे. आर्वी_नाका यांचा प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो आणि विचारले, मोठेबाबा, कंबर दिवसा दुखते की रात्री? ते काही बोलले नाहीत. मोठ्या आईने चुलीपुढूनच उत्तर दिले, "राती तं ते झोपतच नाही, बाजीवर बसून राह्यते." मी लिहिले होते की ते रात्री एकदाही उठत नाहीत. ते उठत नव्हते, कारण ते मुळात आडवेच होत नव्हते. बंडीचा धक्का बसण्याच्या आधीपासूनच दुखत होते आणि पायजम्याची नाडी दोन बोटे आत बांधावी लागत होती, हेही तेव्हाच कळले.

त्यांचे पीएसए २१२ निघाले. बायोप्सी झाली, ग्लीसन ९. हाडांच्या स्कॅनमध्ये कमरेचे मणके, खुबा आणि दोन बरगड्या उजळल्या, म्हणजे रोग तिथवर पोहोचला आहे. एमआरआयमध्ये दिसले की एका मणक्यातला रोग मज्जारज्जूच्या अगदी जवळ आला आहे, पण दाब आलेला नाही. ते स्वतःच्या पायांनी चालत आहेत. आर्वी_नाका, तुमचे आभार कसे मानावेत हे मला समजत नाही. वडिलांचे दुःख तुम्ही इथे उघड केले म्हणून आमचे माणूस चालते आहे.

आता डॉक्टरांनी दोन पर्याय दिले आहेत: अंडकोष काढण्याची छोटी शस्त्रक्रिया किंवा दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. काय करावे?

डॉ_वऱ्हाडी

बातमी जड आहे, पण तुम्ही वेळेत पोहोचलात. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर (हार्मोनवर) पोसला जातो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजही उपचाराचा पाया तोच आहे. शस्त्रक्रियेने आणि इंजेक्शनने संप्रेरक सारखेच खाली येते. शस्त्रक्रिया एकदाच होते, खर्च कमी येतो आणि परिणाम काही तासांत दिसतो. नेहमीच्या इंजेक्शनने पहिले एक-दोन आठवडे संप्रेरक आधी वाढते, म्हणून ते देण्यापूर्वी संरक्षक गोळ्या सुरू कराव्या लागतात. मोठेबाबांच्या मणक्यातला रोग मज्जारज्जूजवळ असल्यामुळे ही बाब तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचाराच. अबिरॅटेरोनसारखी (संप्रेरक आणखी रोखणारी) गोळी सोबत देता येईल का, हेही विचारा. दोन्ही मार्गांत अंगातून गरम वाफा आल्यासारखे होते आणि हाडे विरळ होतात, त्यामुळे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि न पडण्याची काळजी हवी.

आणखी एक गोष्ट. बाबा आता सख्खा भाऊ रुग्ण असलेल्या गटात आले, त्यांचा पाठपुरावा सोडू नका. मोठेबाबांच्या मुलांनी ४५ पासून तपासणी करावी. घराण्यात कोणा स्त्रीला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. काही कुटुंबांत या आजारांचे मूळ एकच असते.

निवृत्त_गुरुजी_७१

शस्त्रक्रियेचे नाव ऐकून मोठेबाबा खचले असतील तर माझ्याशी बोलणे करून द्या. माझ्यासोबत रांगेत बसणाऱ्या एका समवयस्काने ती करून घेतली आहे. आठव्या दिवशी ते वावरात उभे होते. त्यांनाही जोडून देतो. पुरुषाने पुरुषाशी बोललेले अशा वेळी लवकर पोहोचते.

आर्वी_नाका

आभार मानू नका. त्यांना जड उचलू देऊ नका आणि रोज सकाळी दोन्ही पायांच्या अंगठ्यांना हात लावून विचारत जा, कळते का म्हणून.

धुऱ्यावरची_बाभूळ

गुरुजींचे आणि मोठेबाबांचे काल रात्री पाऊण तास बोलणे झाले. आम्हाला सर्वांना अंगणात पाठवून त्यांनी आतून दार ओढून घेतले होते. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "कापून टाका म्हणा, दर तीन महिन्यांनी नागपूरले कोन जाईन?" पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. अंगठ्यांना रोज हात लावतो, कळते. त्यांचा मोठा मुलगा पुण्याला असतो, वय ४६. त्याला सर्व सांगितले आहे. तो गुढीपाडव्याला गावी येतो आहे आणि येतानाच रक्त तपासून येणार आहे.

घराण्यातील स्त्रियांबद्दल आईला विचारले. आजीची धाकटी बहीण छातीच्या गाठीने गेली होती, असे ती म्हणाली. हे मी डॉक्टरांच्या कागदावर लिहून ठेवले आहे.